पाववाल्या पेद्रूची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. माझ्या मागे वेताची मोठी टोपली आहे आणि हँडलला रबरी फुग्याचा भोंगा. मालवणजवळच्या आमच्या तोंडवली गावात मला कोणी सायकल म्हणत नाही. भोंगा वाजला की सगळे म्हणतात, 'पाव इलो.'

मी कारखान्यात जन्मले, पण तिथले मला काही आठवत नाही. आठवते ते मालवणच्या बाजारातले दुकान आणि तिथे आलेला एक सडपातळ, गप्प तरुण. तो पेद्रू. पाद्री होण्यासाठी तो गोव्याला शिकायला गेला होता. शिक्षण अर्धे झाले आणि इकडे त्याचे वडील माडावरून पडून कायमचे अंथरुणाला खिळले. घरात दुसरे मिळवते कोणी नव्हते, म्हणून पेद्रू परत आला. गावातल्या भट्टीवाल्याने त्याला घरोघर पाव पोचवायचे काम दिले. त्यासाठी त्याने मला विकत घेतले. गाव जवळ आले तसा तो खाली उतरला आणि मान खाली घालून मला हाताने ढकलत घरी घेऊन गेला. पांढरा झगा घालून परतेन असे सांगून गेलेला माणूस टोपलीची सायकल घेऊन आला होता.

काम कष्टाचे होते. सुरूच्या बनातल्या वाळूत माझी चाके रुतत. खाऱ्या वाऱ्याने साखळी गंजे. दर रविवारी चर्चमधली मिसा, म्हणजे प्रार्थना, ऐकून आला की पेद्रू मला पुसून तेल घाली. भट्टीतले गरम पाव टोपलीत भरले की माझी पाठ शेकून निघे. ते मला फार आवडे.

पण किनाऱ्यावरच्या चॅपेलजवळ आलो की पेद्रूचे पाय रोज मंदावत. तो उतरे, बंद दाराकडे पाही, छातीवर क्रूस करी आणि सुस्कारा टाकून पुन्हा बसे. त्या सुस्काऱ्याचे ओझे मला पावांहून जड वाटे.

पुढे त्याचे आग्नेसशी लग्न झाले. पडवीत बसून तो तिला म्हणे, "देवान माका बोलवल्यान आणि मी अर्ध्या वाटेरसून परत इलंय. उरलेली वाट पाव इकण्यात चल्ली."

आग्नेस म्हणे, "वाट सरली असा तुका कोणी सांगल्यान?"

पेद्रू हसे, पण त्या हसण्यात जीव नसे.

आमच्या फेरीतले शेवटचे घर हौसाबाईंचे. नवरा खलाशी होता, तो गेला. मुलगा मुंबईत. त्यांच्या म्हाताऱ्या डोळ्यांना काही दिसत नसे. पाव हातात घेतला की त्या विचारीत, "पेद्रू, आज दर्या कसो आसा रे?" मग पेद्रू पायरीवर टेकून सांगे, वारा कुठून आहे, कोणाची होडी परतली, पाण्याचा रंग कसा आहे. हौसाबाई मान हलवत ऐकत. उठल्यावर मात्र तो उशीर झाला म्हणून स्वतःवरच चिडे.

अशी पुष्कळ वर्षे गेली, आणि एक दिवस पेद्रूची इच्छा पुरी झाली. चॅपेलची देखभाल करणारे वृद्ध गृहस्थ वारले. नव्याने आलेल्या फादर डायलननी ते काम पेद्रूला दिले. घंटा वाजवायची, वेदी मांडायची, मेणबत्त्या लावायच्या. पेद्रूच्या डोळ्यांतले पाणी थांबेना. त्याने पावाची फेरी सोडली, मला पुसून पडवीत उभे केले आणि तो म्हणाला, "आता तू सुशेगाद रव."

मी सुशेगाद, म्हणजे निवांत, राहिले. चाकांतली हवा गेली. टोपलीत कोंबडी अंडी घालू लागली. रोज पहाटे भट्टीचा वास येई आणि पेद्रूचा हात हँडलवर पडेल म्हणून मी वाट पाही. तो माझ्या बाजूने चॅपेलकडे निघून जाई.

एका संध्याकाळी तो आग्नेसला म्हणाला, "चॅपेलात मागणा करूक बसलंय काय एकेक दार आठवता. आज हौसाबायक दर्या कोणी सांगल्यान आसतलो?"

"मगे जावन ये," आग्नेस म्हणाली.

पेद्रू पाव घेऊन चालत गेला. परतला तो सरळ माझ्याजवळ येऊन खाली बसला. गावात आता पावाचा टेम्पो येत होता, पण तो मोठ्या रस्त्यावरच थांबे. हौसाबाईंना तिथवर जाणे जमत नव्हते. पेद्रू हलक्या आवाजात आग्नेसला सांगू लागला, "ती म्हणता, 'तुझो भोंगो ऐकाक येयनासो झालो. माका वाटला, डोळे गेले तसे कान पण गेले.'"

मग पेद्रूने कोंबडीला उठवले आणि टोपली झटकली.

पेद्रू पुन्हा पावाची फेरी धरणार हे ऐकून दुसऱ्या दिवशी फादर डायलन आमच्याकडे आले. "काका, चॅपेलमधलं काम आवडलं नाही का?"

"आवडला, फादर," पेद्रू म्हणाला. "पण देव हौसाबायच्या पायरेर बसलेलो आसा आणि मी तेका चॅपेलात सोधतंय, असा वाटता."

फादर म्हणाले, "आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला मी महिन्यातून एकदा जातो. तुम्ही तर रोज दारोदार जात होता. मी कसा अडवू? पण घंटा कोण वाजवणार?"

आतून आग्नेसचा आवाज आला, "मी वाजवतंय. इतकी वर्सा ह्येका उठवतंय, गावाक उठवूक काय कठीण आसा?"

मला नवे टायर बसले. आमचा भोंगा ऐकून हौसाबाई चौकट धरत बाहेर आल्या. त्या दिवशी पेद्रूने दर्या इतका सावकाश सांगितला की टोपलीतले उरलेले पाव गार झाले. तो चिडला नाही.

गेल्या वर्षी हौसाबाईंना मुलगा मुंबईला घेऊन गेला. त्यांच्या दाराला कुलूप आहे. तिथे आलो की पेद्रू ब्रेक दाबतो. मलाही तिथून पुढे जाववत नाही. चॅपेलसमोर मात्र तो आता उतरत नाही. चालत्या सायकलवरच क्रूस करतो आणि दुसऱ्या घराकडे वळतो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी सायकल भिंतीला टेकून उभी असेल तर तिला पुसा, तेल घाला आणि कामाला लावा. भाराने आमचे काही बिघडत नाही. आम्ही कोणाच्या उपयोगी पडत नाही, याचेच आम्हाला दुःख होते. आणि रोज तुमच्या दारी काही घेऊन येणारा जो कोणी असेल, त्याला घटकाभर बसवून घ्या. तोही कशाची तरी वाट पाहत असेल.

आता उजाडते आहे. आग्नेस घंटेकडे गेली. भट्टीचा वास येतो आहे, आणि पेद्रूने माझे स्टँड काढले आहे.