सुपासकट उचललेला केर

आता सांगतो ते तुमच्यापैकी एकही जण खरं मानणार नाही, पैज लावतो. खाडीतली सुसर मला वाट द्यायला बाजूला सरली, हे तरी कुणी मानलं होतं? पण सुसर नंतर. आधी मथुराबाई.

ही बाई चिपळूणकडची. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीकाठी, आमच्या वाडीच्या समोरच्या तीराला, घर घेऊन लोकांनी टाकलेली पोरं सांभाळायची. आता मला सांगा, जिला स्वतःचं मूल नाही ती परक्यांची पोरं गोळा करते ती कशाला? त्या साली कुठंतरी पूल बांधायचं चाललं होतं, आणि पुलाच्या पायात पोर पुरावं लागतं हे आमच्या वाडीला पक्कं ठाऊक. कुणी म्हणे, ती पोरं उलटी टांगून त्यांच्या चरबीचं तेल काढते. मोमियाई! मी तेव्हा पंचवीसचा गडी. मिशीवर लिंबू ठरेल असा. हिला मुद्देमालासकट पकडायची, असं मी ठरवून टाकलं.

"तांडेलआजा, पंचवीसचे? मग आज तुमचं वय किती?" शेजारच्या बाळानं विचारलं.

मध्ये बोलू नको रे. मला सगळी वाडी तांडेल म्हणते. माझं नाव आता फक्त रेशनकार्डाला ठाऊक, वय त्यालाही नाही. ती हौसाआक्का बघ. वाडीत सगळ्यांत म्हातारी, पण कशी खळ्याच्या कडेला बसून सुपात चिंच निवडते आणि गुमान ऐकते!

तर आमच्या वाडीत सखू होती. तिची तीन पोरं पाचवी पुजून झाली की दोन-तीन दिवसांत गेलेली. चौथं झालं तेव्हा बायकांनी जुनी रीत काढली. पोर सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं केर म्हणून उचलायचं, आणि आईनं मूठभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं. म्हणजे सटवाई फसते, तिला वाटतं हा केर आहे. अट एकच. विकत घेईपर्यंत आईनं 'माझं' म्हणायचं नाही. म्हटलं, की सटवाईनं ऐकलंच.

उचलायचं काम गंगुबाईकडं. पण ऐन वेळी बोक्यानं तिचा बांगडा पळवला. पुढं बोका, मागं गंगुबाई, दोघंही माडांत गडप. तेवढ्यात मथुराबाई पलीकडून आलेल्या होडीतून, तरीतून, उतरून वर आली. बघते तर उकिरड्यावर पोर! तिनं इकडं पाहिलं नाही, तिकडं पाहिलं नाही. सुपासकट उचललं आणि आल्या पावली तरीत जाऊन बसली.

सखू दारात उभी. हाक मारायला तोंड उघडलं, आणि तोंडात पदराचा बोळा कोंबला. हाक मारली तर पोर तिचं ठरणार! गंगुबाई बांगडा जिंकून परत आली, तर उकिरडा रिकामा.

"गो सखू, कुठं गेला?"

"केर नेला," सखूनं खाडीकडं बोट केलं.

दुसऱ्या तरीतून सगळी वाडी निघाली. मी नाही थांबलो. दातात कोयती धरली आणि खाडीत उडी मारली. वाटेत सुसर आडवी आली, मी डोळे वटारले, ती बाजूला झाली.

"दातात कोयती, आणि श्वास कुठून घेतलात?"

कानानं घेतला! ऐक पुढं. मथुराबाई दारात दोन्ही हात आडवे लावून उभी.

"कुणाचं मूल आहे हे?"

सगळे माडाच्या शेंड्याकडं बघायला लागले.

"मग आलात कशाला?"

"आमचा केर न्यायला," गंगुबाई म्हणाली.

"जित्या पोराला केर म्हणता? आता तर मुळीच देणार नाही!"

तिलाही आमचा संशय. पोर मारायचं अर्धवट टाकलेलं काम पुरं करायला आलेत, असं तिला वाटलं. तिनं दार लावून घेतलं. मी खिडकीच्या फटीला डोळा लावला. चुलीवर हे एवढं पातेलं, आणि त्यात पाणी उकळतंय! मी बोंब ठोकली, "मोमियाई!" बायकांनी गळे काढले. सखू तेवढी गप्प. पण आत पोर रडलं आणि तिची चोळी भिजली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. बाईची नजर नेमकी सखूवर.

"चोळी कशानं भिजली गं?"

"तरीत पाणी उडालं."

"दोन्हीकडं सारखंच उडालं?"

आत रडून रडून पोराचा आवाज बसलेला, शेळीचं दूध ते तोंडात धरत नव्हतं. 'माझं' म्हणावं तर सटवाई नेणार. गप्प राहावं तर ही बाई ठेवून घेणार. शेवटी सखूनं पदराची गाठ सोडली आणि मूठभर कोंडा उंबऱ्यावर ओतला.

बाई त्या कोंड्याकडं बघत राहिली. चिपळूणकडं काय ही रीत नव्हती? मग ती मटकन उंबऱ्यावर बसली. हसत होती की रडत होती, ते मला खिडकीपासून नीट दिसलं नाही.

"एवढ्याशा कोंड्यात नाही विकायची मी," ती म्हणाली. "उचललाय मी, सौदाही माझाच. ह्याच्या बेंबीवर शेण-राख थापली होती. मी उकळलेल्या पाण्यानं धुऊन काढलीय. पुन्हा थापायची नाही, आणि बाजाराच्या दिवशी मला आणून दाखवायचा. कबूल?"

"कबूल," सखू म्हणाली, आणि हात पुढं केले.

नाव केरू ठेवलं. आणि मेला चांगला जगला. मग काय, वाडीतली प्रत्येक बाळंतीण तरीची वेळ बघून उकिरड्यावर सूप मांडायला लागली. बाई कातावायची, "अगं, निदान धुतलेल्या चटईवर तरी टाका!" आम्ही चटईलाच उकिरडा मानलं. पुढं शाळेत मास्तरांनी "केरू" म्हटलं की अर्धा वर्ग उभा राहायचा. पण मी संशय सोडला नाही हां! इतकी वर्षं फुकट राबणारी बाई आज ना उद्या सापडणारच.

ती नाही सापडली. तापानं गेली. तेव्हा पहिला केरू असेल दहा-बारा वर्षांचा. हिला कुठं नेतात ते बघू, म्हणून मी मागोमाग मसणापर्यंत गेलो. लांबच उभा राहिलो. डोळ्यांना पाणी आलं म्हणता? तो धूर. माझं तिचं नातं काय? परकी बाई ती.

हौसाआक्कानं चिंचेचं सूप धाडकन खाली आपटलं.

"पुरे! कसली मिशी आणि कसली सुसर! मेल्या केऱ्या, त्या सुपात तू होतास! आणि सरणापुढं 'आये, आये' करत वाळूत लोळत होतास, तेव्हा तुला काखेला मारून घरी आणला कुणी? मीच ना?"