पोटातली गाठ

नांदेडच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची आहे. एसटी वसमतला पोचेपर्यंत आमच्या मालकांनी ती पोटात नेऊन ठेवली.

"असल्या जागेचं नाव चारचौघांत घेता येतं का? पोटात हाय म्हणून सांग."

मग अख्खी गल्ली माझ्या पोटाची चौकशी करायला आली. कुणी ओवा आणला, कुणी हिंग घातलेलं ताक. जाऊबाई म्हणाल्या, "तिखट लई खायचीस, सांगितलं तर ऐकायची न्हाईस." मी सगळ्यांचं ताक प्याले, रागारागानं प्याले. घर माणसांनी भरलं होतं आणि माझ्या दुखण्यापाशी कुणीच नव्हतं. माझा हात तेवढा सारखा पदराखाली, डाव्या बाजूला जायचा.

सगळ्या गेल्या तरी शेजारची नीलांबरी बसूनच राहिली. तिची नजर माझ्या त्या हातावर होती. मग उठून तिनं दार लोटलं.

"शिलाताई, पोटातली गाठ सुरुवातीला दुखते का हो?"

"न्हाई. काहून?"

तिनं माझा हात धरला आणि स्वतःच्या पदराखाली नेला.