पूजा संपेपर्यंत

सिद्धेश्वरच्या पूजेचं मुरुममध्ये भारी कौतुक चाललं होतं. बंडप्पा आडत्याचा हा मुलगा फौकानियात, म्हणजे निजामाच्या हायस्कुलात, परगावी राहून उर्दूतून शिकत होता. गेल्या साली मॅट्रिकला नापास झाला, यंदा परत बसायचं होतं. परीक्षेआधी घरी आला आणि गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन देवघरात जो बसला, तो उठायचं नाव घेईना. सकाळची पूजा दुपार गाठू लागली. लिंगायताच्या घरात पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नसतो, त्यामुळे तोवर पोरगा कोरडा. गावाला यात तपश्चर्या दिसली. बायका उंबऱ्यावरूनच हात जोडून जात. बंडप्पाचे पाय तर जमिनीवर नव्हते. तूर-करडईचा भाव राहिला बाजूला, गिऱ्हाइकाला आधी पोराची भक्ती ऐकावी लागे.

एकट्या आईचा, पार्वतम्माचा, जीव थाऱ्यावर नव्हता. जन्मात तिनं पूजेआधी पाणी तोंडाला लावलं नव्हतं, बाळंतपणात नाही की तापात नाही. पूजा करून उठलेला माणूस कसा निवलेला दिसतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिचं पोर उठायचं ते चोरी करताना सापडल्यासारखं, घामानं डबडबलेलं. धुऊन धुऊन त्याच्या हाताची कातडी फाटली होती.

आणि कालपासून तर पूजा संपलीच नव्हती. रात्री बसल्या जागी डोळा लागला तेवढाच. उजाडताच परत पाणी, परत भस्म, परत बेल. पोटात काही नाही. पार्वतम्माही त्याच्याबरोबर उपाशीच होती. त्यात आज मठाचे अय्यास्वामी यायचे होते. अशा भक्ताला शाल पांघरायची, असं बंडप्पानं परस्पर ठरवलं होतं. अंगण माणसांनी भरत चाललं, तशी ती देवघरात शिरली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"सिद्धू, झालं का रं?"

"झालंच हुतं, अव्वा. बेल वाहताना मनात वंगाळ आलं. परत धुवावं लागंल."

"मनात येतंच की रं. त्यानं काय हुतंय?"

त्यानं परत लिंगावर पाणी घातलं. मग अगदी हळू म्हणाला, "चूक ऱ्हायली तर तू मरशील."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय. मला ठावं हाय. मागल्या साली अप्पा म्हनले, पूजेत ध्यान न्हाय म्हनून नापास झालास. खरंच नव्हतं ध्यान. आता चुकलं तर नापासावर भागायचं न्हाय." त्याला रडू फुटलं. "मला उठायचं हाय, अव्वा. हातच थांबत न्हाईत."

बंडप्पा ते वाक्य पटका गुंडाळता गुंडाळता बोलला होता आणि दुकानात पोचेपर्यंत विसरलाही होता.

दार ढकललं गेलं. अय्यास्वामी आत आले, मागून बंडप्पा, मागून गाव. स्वामींनी हात जोडले. "बंडप्पा, पुण्यवान हाईस बाबा!" बंडप्पानं पोराच्या खांद्यावर शाल टाकली. शालीच्या भारानंसुद्धा पोरगा कलला. तळहात थरथरत होता, त्यावरचं लिंग हलत होतं. ते आता पडलं असतं तर पोरगा पुन्हा माणसांत आला नसता. एवढं आईला दिसत होतं, आणि भरल्या खोलीत दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हतं. तिला सगळ्यांचा संताप आला.

ती ताडकन उठली, स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणला आणि सगळ्यांदेखत घटाघटा पाणी प्यायली.

"आगं, तुझी पूजा व्हायचीय!" बंडप्पा ओरडला.

"व्हय, व्हायचीय." तिनं तोंड पुसलं आणि ती पोरासमोर बसली. "सिद्धू, माज्याकडं बघ. चूक म्या केली, जानून केली. मरायचंच असंल तर माज्या चुकीनं मरंन. तुज्या हातात काय न्हाय लेकरा, कवाच नव्हतं."

सिद्धेश्वर आईच्या छातीकडे टक लावून बघत होता, श्वास चाललाय का ते. चालला होता. बऱ्याच वेळानं त्यानं लिंग डबीत ठेवून गळ्यात घातलं आणि तांब्या हातात घेतला. पितानाही नजर तिच्यावरून ढळू दिली नाही.

स्वामी निघून गेले. गावानं पार्वतम्माला बाटलेली ठरवलं. बंडप्पा तिच्या हातचं जेवेना. तिनं फिकीर केली नाही. रोज उजाडता ती देवघरात पोरासमोर बसायची, आधी पाणी प्यायची, मग तो पूजा करायचा; कधी अडखळत, कधी रडत, पण उन्हं चढायच्या आत उठायचा. पुस्तक उघडू लागला. दोन घास खाऊ लागला.

परीक्षेला निघायच्या आदल्या दिवशी पार्वतम्मा जागी झाली ती तापानं फणफणलेली. उभं राहताना भिंत धरावी लागली. आता तिला खरी भीती वाटली. मरणाची नव्हे, पोराला ताप दिसेल याची. आजारी पडायची सोयच तिला उरली नव्हती.

तिनं तोंडावर गार पाणी मारलं, केस चापून बसवले, कुंकू रेखलं आणि देवघरात जाऊन भिंतीला पाठ टेकून बसली.

"अव्वा, डोळे लाल दिसत्यात तुझे."

"चुलीचा धूर गेला रं." तिनं तांब्या तोंडाला लावला. घसा सोलून निघाल्यासारखा झाला, तरी ती हसत हसत सगळं पाणी प्यायली. "बघ, ठणठणीत हाय म्या. बस तू पूजेला."