उजव्या पानावरचा डावा हात

मासिकात फोटो छापून आणायचा तर आधी नकार पचवायला शिकावं लागतं, आणि धाकटीची पचनशक्ती एव्हाना चांगलीच दांडगी झाली होती. पोटापाण्यासाठी ती एका स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायची. "हनुवटी जरा खाली, डोळे मिटू नका," हे सांगून सांगून संध्याकाळपर्यंत घसा कोरडा व्हायचा. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून शहरभर हिंडायची आणि त्यातले निवडक फोटो मासिकांना पाठवायची. उत्तरं सगळी एका साच्यातली. फोटो चांगले आहेत, पण मागे फार पसारा दिसतो. फोटो चांगले आहेत, पण सध्या जागा नाही. आई म्हणायची, "इतके चांगले आहेत तर छापत का नाहीत मेले?"  

आणि मग एके दिवशी एका मासिकाच्या संपादकबाईंचा आपणहून फोन आला. पुढचा अंक कामाच्या हातांवर होता. "असं कुणी ओळखीत आहे का, ज्यांच्या हाताकडे बघत राहावंसं वाटतं?" बाईंनी विचारलं. ओळखीत कशाला, घरातच होतं.

धाकटीच्या बाबांचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. तीन खुर्च्या, समोर भिंतभर एकच लांब आरसा. दोनेक वर्षांपूर्वी बाबांना झटका आला आणि उजवा हात गेला. गेला म्हणजे होता तिथेच, पण सांगितलेलं ऐकेनासा झाला. दुसरा कुणी असता तर दुकान भाड्याने देऊन मोकळा झाला असता. बाबांनी फुगे आणले. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि डाव्या हातातल्या वस्तऱ्याने तो अलगद उतरवायचा. फुगा शाबूत राहिला तर हात जमला, फुटला तर तोंडभर फेस. कित्येक महिने घरात धडाधड फुगे फुटत होते. यांच्याकडे रोज कुणाचा वाढदिवस असतो, असं शेजारणीला वाटायला लागलं होतं.

हळूहळू फुगे फुटायचे थांबले. बाबांनी स्वतःची दाढी केली. मग मामाला, म्हणजे आईच्या भावाला, खुर्चीत बसवलं. मामा बहिणीच्या धाकाने बसला आणि डोळे गच्च मिटून घेतले. उठला तेव्हा गालावर ओरखडासुद्धा नव्हता, पण शर्ट घामाने भिजला होता.

तर हात तयार झाला, गिऱ्हाइकं मात्र तयार होईनात. केस कापायला यायची. दाढीचं नाव काढलं की सगळ्यांना एकदम घाई सुटायची. "उद्या येतो," म्हणून निघालेला माणूस अर्ध्या तासाने कोपऱ्यावरच्या दुकानातून गुळगुळीत होऊन बाहेर पडताना दिसायचा. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा? मान ज्याची त्याला प्यारी.

कडी केली ती मास्तरांनी. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर बाबांचे जुने दोस्त. उभ्या आयुष्यात त्यांनी मधली खुर्ची सोडून दुसरीकडे कुठे दाढी केली नव्हती. डाव्या हाताखाली मान द्यायचा धीर होईना आणि दुसऱ्या दुकानाची पायरी चढायला मन होईना. शेवटी त्यांनी दाढीच वाढवली. "या वयात शोभते, नाही का?" असं ते आरशात बघून विचारायचे. "शोभते, शोभते," म्हणत बाबा ती कात्रीने सारखी करून द्यायचे. मास्तर गेले की वस्तरा काढून त्याला उगाचच धार लावत बसायचे. धाकटीने हे बघितलं होतं.

फोटोचं विचारलं तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "डावा हात दिसला पाहिजे. आपण सांगितलं की लोक नुसती मान हलवतात. छापून आलं की खरं मानतात."

"दिसेल. शब्द देते," धाकटी म्हणाली.

तिने जीव ओतून फोटो काढला. पसाऱ्यावरून इतके नकार खाल्ले होते की या वेळी आधी दुकानाची मागची भिंत रिकामी केली. भावफलक उतरवला, कॅलेंडर उतरवलं, अक्षर म्हणून शिल्लक ठेवलं नाही. मामाला पुन्हा एकदा बळीचा बकरा केला. स्वतः आरशाला पाठ टेकवून उभी राहिली, म्हणजे बाबा समोरून दिसावेत. बाबांचा उजवा हात खुर्चीच्या पाठीवर झोपल्यासारखा पडला होता, डाव्यात वस्तरा होता, आणि मान कलती करून ते त्या हाताकडे असे बघत होते, जसे नव्याने चालायला लागलेल्या पोराकडे बघतात. खटका दाबताना तिला कळलं, हा फोटो परत येणार नाही.

आणि नाहीच आला. "पूर्ण पान देतोय," संपादकबाई म्हणाल्या. धाकटीने फोटोखाली छापायला चार ओळी पाठवल्या होत्या. झटका, डावा हात, फुगे, सगळं त्यात होतं. बाईंनी त्या काढून एकच शब्द ठेवला, 'विश्वास'. फोटोने स्वतः बोलावं, असं त्यांचं मत होतं. धाकटी इतकी हवेत होती की तिलाही ते पटलं.

अंक निघाला त्या दिवशी तिने स्टुडिओत रजा टाकली आणि सकाळीच कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडून अंक घेतला. उभ्याउभ्याच पान काढलं. उजवं पान, पानभर फोटो, खाली बारीक अक्षरांत तिचं नाव. डोळे भरून आले. मग वाटलं, काहीतरी चुकतंय. स्वतःचाच आवाज ध्वनिमुद्रणातून ऐकला की ओळखीचा वाटतो आणि वाटतही नाही, तसं झालं. बाबा कंगवा नेहमी डाव्या बाजूच्या खिशात ठेवतात. इथे खिसा उजवीकडे होता. तिची नजर खिशावरून हातावर गेली. वस्तरा उजव्या हातात होता. खुर्चीवर निजलेला हात डावा होता.

फुटपाथवरूनच तिने फोन लावला. संपादकबाईंनी फोन पान लावणाऱ्या गृहस्थांकडे दिला. ते मोठे शांत होते. "उजव्या पानावरचा माणूस पानाच्या आत बघायला हवा हो. तुमचा बाहेर बघत होता. तो बाहेर बघायला लागला की वाचकही पान उलटून जातो. म्हणून फोटो उलटा केला. नेहमीच करतो. मागे काही अक्षरं असती तर ती उलटी दिसली असती, मग नसता केला."

अक्षरं. ती तर धाकटीने स्वतःच्या हाताने उतरवून ठेवली होती.

"माझ्या बाबांचा उजवा हात चालत नाही," ती म्हणाली. "हा फोटो फक्त डाव्या हातासाठी काढला होता."

 मग संपादकबाई फोनवर आल्या. त्या मनापासून ओशाळल्या होत्या. त्या चार ओळी ठेवल्या असत्या तर, असं काहीतरी पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या अंकाची पानं आज छापायला जातायत. दोन ओळींची दुरुस्ती टाकते. काय लिहायचं ते तुम्हीच दुपारपर्यंत सांगा."

बाबांनी अंक बघायच्या आत आपण सांगावं म्हणून धाकटी दुकानाकडे धावली. पण आईने पहाटेच अंक मिळवून तो आरशापुढच्या फळीवर उघडून उभा केला होता. बाबा त्याच्यासमोर डाव्या हाताने उजवं मनगट धरून उभे होते.

"हा कधी काढलास?" त्यांनी विचारलं. "मी आजारी पडायच्या आधीचा आहे का? पण तेव्हा तर तुझ्या मामाला मिशी होती."

धाकटीने सगळं सांगितलं. आपण भिंत रिकामी केली, तेही सांगितलं. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, गिऱ्हाइकं हलवायची तशीच. "म्हणजे तो आलाच नाही," ते म्हणाले आणि डाव्या हाताची बोटं मिटून उघडून बघायला लागले. मासिकात नाव छापून आल्याच्या दिवशी आपल्याला असं चोरासारखं वाटेल, हे धाकटीच्या स्वप्नातही नव्हतं.

तेवढ्यात काखेत अंक मारून मास्तर दारात उभे. "काय रे लबाडा! उजवा बरा झाला आणि आम्हाला पत्ता नाही?" तरातरा येऊन ते मधल्या खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली. "काढून टाक ही दाढी. घरात नातवंडंसुद्धा जवळ येत नाहीत."

धाकटीच्या मनात आलं, बाबा काही बोललेच नाहीत तर? साबण लागला, मान मागे गेली, डोळे मिटले की कोणता हात कोण बघतंय? एकदा दाढी झाली की मास्तर कायमचे परत आले असते. बाबांनी कापड झटकलं, मास्तरांच्या गळ्याभोवती चिमट्याने अडकवलं. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, फोटो उलटा छापलाय. हात डावाच आहे."

 मास्तरांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले. अर्धे उठलेच होते, पण कापडाचा चिमटा मानेमागे होता. "तसं मला जरा बँकेत..." ते म्हणाले. बँक त्या दिवशी बंद होती, आणि हे तिथल्या तिघांनाही ठाऊक होतं.

"जा तुम्ही," बाबा म्हणाले आणि चिमटा काढायला डावा हात वर केला.

मास्तरांची नजर समोर आरशात होती. आरशातल्या बाबांनीही हात वर केला. मास्तरांनी फळीवर उभ्या केलेल्या अंकाकडे बघितलं, पुन्हा आरशाकडे बघितलं. खिसा, कंगवा, वर आलेला हात. दोन्हीकडे एकच माणूस, एकाच बाजूने.

"उलटा कुठाय?" ते हळूच म्हणाले. "मला इथून असाच दिसतोस तू."

"अहो, आरशात सगळं उलटंच दिसतं."

"मग? जन्मभर मी तुला आरशातच बघत आलोय. ही पोरगी आरशाकडे पाठ करून उभी राहिली, आम्ही गिऱ्हाइकं आरशाकडे तोंड करून बसतो." मास्तर परत टेकून बसले. चेहरा अजून पांढराच होता. "खरं सांगू? मला भीती वाटते रे. फार वाटते. तुझ्यासमोर बोलायची लाज वाटत होती, म्हणून हे जंगल वाढवलं."

"मलाही वाटते," बाबा म्हणाले. "पहिल्यांदा वाटायचीच. म्हणून तर हात हळू चालतो."

"मग हळूच चालव. लाव साबण."

आधी कात्री चालली, मग फेस, मग वस्तरा. दुकानात फक्त खरखर ऐकू येत होती. मामासारखे डोळे मिटायचं मास्तरांनी कटाक्षाने टाळलं. पूर्ण वेळ ते आरशातल्या हातावर नजर ठेवून होते. धाकटीच्या गळ्यात कॅमेरा होता, पण तिने हात लावला नाही. तिला नुसतं बघायचं होतं.

एक गाल झाला तेव्हा तिचा फोन वाजला. संपादकबाई होत्या. "काय लिहायचं दुरुस्तीत?"

धाकटीने फोनवर हात ठेवला. "बाबा, आता राहू दे का? मास्तर तर आले."

बाबांनी वस्तरा पुसला. "मास्तरांसाठी आरसा आहे. बाकीच्यांचं काय? आणि एवढे फुगे फोडले माझ्या डाव्याने, ते सगळं उजव्याच्या नावावर टाकायचं? तो तर नुसता झोपा काढत होता!" मग जरा थांबून म्हणाले, "लिहायला सांग, फोटोतला हात डावा आहे. आणि दाढी नीट झाली."

"अर्धी झालीय," फेसातून मास्तर म्हणाले. "शुद्धिपत्रात तरी खरं लिहा. थांबायला सांग त्या बाईंना."

संपादकबाई थांबल्या. बाबांनी मास्तरांची हनुवटी वर केली आणि वस्तरा गळ्यावरून खालून वर नेला, एकदा, मग पुन्हा एकदा. टॉवेलने चेहरा पुसला. मास्तरांनी स्वतःचा तळवा गळ्यावरून सावकाश फिरवला, तो डोळ्यांसमोर धरून बघितला आणि मोठ्ठा सुस्कारा सोडला.

"लिही आता," ते म्हणाले.

धाकटीने दोन ओळी सांगितल्या आणि बाईंकडून एकदा परत वाचून घेतल्या. त्या पुढच्या अंकात शेवटच्या पानावर, अगदी तळाला येणार होत्या, आणि त्यांच्याखाली तिचं नाव नसणार होतं. आजवर छापून आलेल्यात तिला त्याच जास्त आपल्या वाटल्या.