सव्वा किलो

लोण्याचा दुसरा गोळा सुपात टाकताना मावशींचा हात सवयीने थांबला आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. असतं तरी आता कोणी काही म्हणणार नव्हतं, नियमच बदलला होता. पण जित्याची खोड, ती काय नियम वाचून जाते? मावशींनी स्वतःशीच हसत गोळा सोडला, सूप ढवळलं आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

शर्यतीच्या गाड्यांच्या त्या संघात मावशी एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. दोन ट्रकांच्या मध्ये ताणलेला तंबू, चार शेगड्या, एक फ्रीज आणि साठ तोंडं, असा त्यांचा फिरता संसार. मोठ्या मोठ्या संघांच्या पंक्तीत हा संघ म्हणजे अगदी टोकाच्या पाटावर बसलेला पाहुणा. ड्रायव्हर यायचे, नाव कमवायचे आणि दुसरीकडे निघून जायचे. मावशींचा जीव जडला तो मात्र एकावरच. तो सात वर्षांपूर्वी आला, तंबूच्या दांडीला डोकं आपटून घेतलं आणि मेकॅनिकांनी त्याच दिवशी त्याचं नाव शिडी ठेवलं.

उंची त्याला देवाने दिली आणि शिक्षा इंजिनिअरांनी. जुन्या नियमात गाडी आणि ड्रायव्हर यांचं वजन एकत्र धरायचे. ड्रायव्हर जेवढा हलका तेवढी गाडी पळणार, हा सरळ हिशोब. बुटक्या ड्रायव्हरांना त्याचं काहीच वाटत नसे. शिडीची नुसती हाडंच दुसऱ्याच्या अख्ख्या देहाएवढी. मग काय, उकडलेली भाजी, मीठ नाही, तेल नाही, पाव तर डोळ्यांनीच बघायचा. ताट वजनकाट्यावर ठेवून त्याच्यापुढे जायचं. मावशींना ते वाढताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांनी पहिल्याच वर्षी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: तो तंबूत असेपर्यंत आपण घासही तोंडात घालायचा नाही. त्या फ्रीजच्या आड उभ्याउभ्या दोन घास खात. कॉफीच्या बशीत एक छोटं चॉकलेट असायचं, तो ते दर वेळी मावशींकडे सरकवायचा. मावशी ते एप्रनच्या खिशात टाकायच्या आणि बिचाऱ्याला तेवढंही चालत नाही म्हणून हळहळायच्या.

आणि ह्याच हळहळीपायी दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते करून ठेवलं.

त्या वर्षी शिडीची गालफडं बसली होती. एका मोठ्या संघाशी त्याची बोलणी चालू होती, म्हणून तो आणखीच कमी खात होता. मावशींना बघवेना. तीन आठवडे त्या त्याच्या सुपात गुपचूप लोणी घालत राहिल्या. सूप काट्यावर भरायचं तेवढंच भरायचं, लोणी घालताना तेवढं पाणी त्या काढून घ्यायच्या, आणि काटा बिचारा काय बोलणार. पण माणूस काट्यावर चढला तेव्हा बोलला. सव्वा किलो जास्त. संघात हलकल्लोळ झाला. इंजिनिअरसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा शिडीने मान खाली घालून सांगितलं की हॉटेलात चोरून चॉकलेटं खाल्ली. साहेबांनी त्याला नाही नाही ते सुनावलं. मावशी कॉफीची किटली धरून तिथेच उभ्या होत्या. त्यांना वाटलं, थोडं त्याचं असेल, थोडं आपलं. आणि त्या गप्प बसल्या.

गाडीतून सव्वा किलो कुठून काढायचा? ड्रायव्हरच्या तोंडाशी नळी असते, तिला जोडलेली पाण्याची बाटली काढली. नेमका त्या दिवशी उन्हाचा वणवा. शिडी सातवा चालला होता. शेवटच्या फेऱ्यांत त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, दोन गाड्या पुढे गेल्या आणि तो नववा आला. तेव्हा गुण आठव्या नंबरापर्यंतच मिळायचे. नवव्याला भोपळा. त्याला गाडीतून उचलून काढावं लागलं, आणि त्या आठवड्यातच मोठ्या संघाने बोलणी थांबवली. करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या दिवसापासून मावशींच्या मनाला काही ते सोडेना.

यंदाचा हंगाम सुरू होताना मॅनेजरांनी नव्या नियमांची पुस्तिका वाचून दाखवली. मेकॅनिक जांभया देत होते. मावशींच्या कानांनी दोनच गोष्टी टिपल्या. एक, ड्रायव्हर आणि त्याची सीट यांचं वजन आता वेगळं होणार. ते ऐंशी किलो हवंच, कमी भरलं तर सीटशेजारी लोखंडाच्या पट्ट्या लावायच्या. म्हणजे उपाशी राहून कोणाला काही फायदा नाही. दुसरी, गुण आता दहाव्या नंबरापर्यंत. हे कोणी लिहिलं असेल, कोणत्या ऑफिसात बसून, मावशींना काय माहीत. पण ज्याने लिहिलं त्याच्या घरी सगळे सुखात राहोत, असं त्यांनी मनापासून म्हटलं. त्याच दिवशी त्यांनी शिडीच्या ताटात पाव ठेवला. त्याने तो बराच वेळ नुसता हातात धरला होता.

वजन वाढलं, चेहरा भरला. पण वय कोणाची वाट बघतं? आज हंगामाची शेवटची शर्यत होती आणि शिडीचीही. संध्याकाळी तो घरी जाणार, तो कायमचाच. आज त्याला सांगितलं नाही तर हे आपल्याबरोबर वर येईल, असं मावशींनी ठरवून टाकलं होतं. शर्यतीआधी सांगून त्याचं चित्त उडवायचं नव्हतं, म्हणून शर्यतीनंतर.

दुपारी त्या टीव्हीसमोर उभ्या राहिल्या, त्या बसल्याच नाहीत. शिडी नववा आला. तोच नंबर, पण आता त्याला दोन गुण होते. संघाचे वर्षातले पहिले दोन गुण. दणकट मेकॅनिक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. मावशींनी शेगडी पेटवली आणि सूप गरम करायला ठेवलं.

वजन झालं, मुलाखती झाल्या, फोटो झाले. तंबूतल्या खुर्च्या आवरायला लोक आले, मावशींनी दोन खुर्च्या आणि एक टेबल धरून ठेवलं. आता हा परस्पर विमानतळावर गेला तर? असं मनात येतंय तोच दांडीखालून वाकत शिडी आत आला. त्याने सूप ओढून घेतलं.

मावशी उभ्याच होत्या. एप्रनचं टोक हातात घेऊन त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि लोण्यापासून बाटलीपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

"तो सव्वा किलो माझा होता रे," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझं नशीब मी घालवलं. आणि तुला बोलणी बसत होती तेव्हा मी तोंड उघडलं नाही."

शिडीने चमचा खाली ठेवला.

"मावशी, माझी जीभ काय गहाण पडली होती? दुसऱ्याच दिवशी चवीवरून कळलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुला काढलं असतं. आणि सूप बंद झालं असतं. त्या वर्षी दिवसभरात मला आवडावं असं तेवढंच एक होतं. ते मी हट्टाने पीत होतो. बाटली काढा म्हणूनही मीच सांगितलं."

"पण तू चॉकलेटं..."

"मला चॉकलेट आवडतच नाही. सात वर्षं तुझ्याकडे सरकवतोय, तुला कळलं नाही?"

मावशींना खरोखरच कळलं नव्हतं. दोन वर्षं त्या ज्या चॉकलेटांच्या आड लपल्या होत्या, ती कधी नव्हतीच. त्यांनी डोळे पुसले, नाक ओढलं आणि काहीतरी करायला हवं म्हणून त्याच्यासाठी कॉफी केली. आभार कसे मानतात ते त्यांना त्या क्षणी आठवेना.

शिडीने पावाच्या तुकड्याने वाडगा पुसून घेतला. मग कॉफी घेतली आणि बशीतलं चॉकलेट सवयीने मावशींकडे सरकवलं.

मावशींचा हात एप्रनच्या खिशाकडे गेला आणि परत आला. त्यांनी समोरची खुर्ची ओढली, तिच्यावर बसल्या, चॉकलेटचा कागद सोडवला आणि त्याच्यासमोर ते सावकाश खाल्लं.