शेजारच्या खोलीतला कॉम्प्रेसर

मुलाखतीला वडिलांना बरोबर न्यायचं तिचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. पण बाबांनी सकाळीच बूट पुसून दारात ठेवले, आणि घरात त्यांच्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे. आता ते प्रतीक्षा खोलीत तिच्या शेजारी बसून, आपल्या समजुतीने अगदी हळू आवाजात, चौकशा करत होते.

"ती पिवळ्या फाइलवाली पण शिष्यवृत्तीलाच आलीय का गं?"

सगळ्या खोलीने माना वळवल्या. पिवळ्या फाइलवालीने फाइलमध्ये तोंड खुपसलं.

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात जन्मभर प्रेस चालवल्यावर कान शाबूत राहणार कुठून? बाबांचे राहिले नव्हते. कारखान्याने मात्र 'वय झालं' म्हणून हात झटकले, आणि बाबांना तेच जिव्हारी लागलं होतं. तेव्हापासून ती हट्टाला पेटली. त्याच कारखान्याच्या प्रथमोपचाराच्या खोलीत तिने कामगारांचे कान तपासले, आठवड्याच्या पहिल्या दिवशी आणि पुन्हा शेवटच्या दिवशी. शेवटच्या दिवशी झाडून सगळ्यांना कमी ऐकू येत होतं. मशिनींच्या आवाजाने कान थकतात हे दाखवणारा तो आलेख पाहूनच तिला इथवर बोलावलं होतं. शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी होणार. नाही तर श्रवणयंत्रांच्या दुकानात काउंटर सांभाळायचा, कारण पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती.

तेवढ्यात शिपायाने एसी बंद केला.

बाबांना काही कळलंच नाही. तिला मात्र एकदम भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, आतल्या दालनातलं खोकणं ऐकू आलं. इतका वेळ ही घरघर चालू होती आणि आपल्या गावीही नव्हतं! ती स्वतःशीच हसली, आणि हसता हसता तिच्या काळजात धस्स झालं.

कान तपासायच्या खोलीत किती शांतता आहे, हे आधी मोजावं लागतं. पहिल्या दिवशी तिने ते नीट मोजलं होतं. शेवटच्या दिवशी नाही. खोली तीच, खुर्ची तीच, मग पुन्हा कशाला मोजायचं? एवढी शिकलेली बाई, आणि इथे नेमकं शेण खाल्लं होतं.

तिने कोपऱ्यात जाऊन कारखान्याच्या नर्सला फोन लावला.

"ताई, आपण कान तपासायचो ना, त्या खोलीच्या शेजारी काय आहे?"

"कॉम्प्रेसर. का गं?"

"रोज चालतो?"

"छे! आठवड्याच्या शेवटी मशिनी साफ करायला हवा मारतात ना, तेव्हा चालतो दिवसभर. डोकं उठायचं माझं आधी. आता लक्षातही येत नाही."

कामगारांचे कान थकले होते, की कॉम्प्रेसरच्या घरघरीत तपासणीचा बारीक आवाज बुडत होता? आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

मार्गदर्शक मॅडम पलीकडेच बसल्या होत्या. तिने त्यांच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"आत अवाक्षर काढू नकोस. आधी पैसे पदरात पडू देत. मग पुन्हा तपास, कोण अडवतंय?"

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"कोण विचारणार? त्यांना आलेख आवडलाय."

"काय झालं?" बाबांनी मोठ्याने विचारलं. "मॅडम काय म्हणतायत?"

तिने नुसती मान हलवली. ज्या बाबांना विचारावंसं वाटत होतं, त्यांना विचारायचं म्हणजे दवंडीच पिटायची. तेवढ्यात तिला आत बोलावलं.

आत तिघे होते. अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, "तुमचा आलेख फार बोलका आहे हं. समजावून सांगा बघू."

मॅडमचं म्हणणं अगदी व्यवहाराचं होतं, आणि तिला ती शिष्यवृत्ती हवी होती, जीव तोडून हवी होती. तिने पडद्यावरच्या रेषेवर बोट ठेवलं. पण लगेच हात खाली घेतला.

"हा आलेख ग्राह्य धरू नका," ती म्हणाली. मग तिने कॉम्प्रेसरचं सगळं सांगून टाकलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "सांगितलंत ते बरं केलंत," अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण तुमची शिफारस याच्याच जोरावर होती. हा काढला तर आमच्या हातात काही उरत नाही. पुढच्या वर्षी नव्याने तपासून या."

"पुढच्या वर्षी वयात बसत नाही मी."

एकाने पुढचा अर्ज वर घेतला.

ती बाहेर आली. तिचा चेहरा पाहून मॅडम समजल्या आणि पर्स उचलून खिडकीपाशी गेल्या. बाबा उठून उभे राहिले.

"मिळाली?"

"नाही, बाबा."

"आं?"

"नाही मिळाली!" ती ओरडून म्हणाली. सगळी खोली ऐकत होती, दालनाचं दारही अजून उघडंच होतं. "माझी तपासणी चुकली! शेजारी कॉम्प्रेसर चालू होता!"

शिष्यवृत्तीचं बाबांना विशेष वाटलं नसावं. मग त्यांनी विचारलं, आणि या खेपेला त्यांचा आवाज खरोखरच हळू निघाला.

"म्हणजे माझे कान मशिनीने नाही नेले?"

आत तीन अनोळखी माणसांसमोर खरं बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता तिला रडूच फुटलं. 'मशिनीनेच नेले' म्हणून टाकणं किती सोपं होतं! तिने त्यांचा हात घट्ट धरला, तोंड त्यांच्या कानापाशी नेलं, आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेताने ओरडली,

"मला माहीत नाही, बाबा!"