मागच्या सीटवरचा जिन

मुहन्नाचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. नवरी आणायला म्हणून त्याच्या बापाने, खल्फानने, अमेरिकेतून आलेली एक जुनी गाडी घेतली आणि चौथा महिना लागायच्या आत सगळं गाव त्या गाडीला घाबरू लागलं.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, काठावर घाफच्या झाडाखाली ती उभी होती. पांढरी, उंच, मागच्या काचा काळ्या. इंजिन चालू, काचा बंद. मागच्या सीटवर एक पिंजरा आणि पिंजऱ्यात कबूतर. पुरुष अर्धगोल करून उभे होते, बायका दूर भिंतीपाशी. जिन उतरवायला बोलावलेला मुअल्लिम मर्हून लोबानाचं धुपाटणं घेऊन गाडीला फेऱ्या घालत होता.

"हा आपल्याकडचा जिन नाही!" तो ओरडला. "अमेरिकेचा आहे! गाडीत बसून समुद्र ओलांडून आलाय. आपली भाषा त्याला समजत नाही, म्हणून आधी आलेल्या मुअल्लिमांचं काही चाललं नाही. मला त्याची भाषा येते. गो होम! गो होम!"

"काय म्हणतो तो?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"म्हणतो, भूक लागलीय."

एरवी लोक पोट धरून हसले असते. पण तेवढ्यात पिंजऱ्यातलं कबूतर डुललं, त्याने चोच उघडून दोनदा धाप टाकली आणि ते आडवं झालं. बायकांमधून किंकाळी उठली. 

गाडी घेताना त्याने काय कमी पाहिलं होतं? इंजिनचं तेल बोटाला लावून पाहिलं, टायर पाहिले, गिअर बदलताना झटका बसतो का ते पाहिलं. विकणारा त्याला मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाला, "अबू मुहन्ना, मागून जरा ठोकर बसली होती, दुरुस्त केलीय. बाकी लोणी आहे लोणी." खल्फानला ती लोण्यासारखीच वाटली. पुढे तो आणि मुहन्ना बसत. खल्फानला सिगारेट लागे, म्हणून त्याची काच नेहमी चार बोटं खाली. मागे बायका, काचा पूर्ण बंद.

आणि जिन धरी तो फक्त मागे बसणाऱ्यांना. त्याची बायको नस्रा इब्रा शहराला पोचेपर्यंत ओकाऱ्यांनी अर्धमेली व्हायची. सून रय्या दोनदा बेशुद्ध पडली. आणि त्याची म्हातारी आई झुवैना मस्कतच्या दवाखान्यातून येताना मागे आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. पण न्हाऊ घालणाऱ्या बायका म्हणाल्या, मेलेल्या बाईचा चेहरा गुलाबी होता, नवरीसारखा.

"बाईवेडा जिन आहे," मर्हूनने निकाल दिला होता. "पुरुषांकडे बघतही नाही. नव्या नवरीच्या मागे लागून आलाय."

तेव्हापासून रय्याच्या हातचं पाणीसुद्धा कुणी पीत नव्हतं.

"कबूतराने त्याचं भागत नाही," मर्हून आता म्हणाला. "नवरीला आत बसवा. दार बंद. ती पडली की तो तिच्या तोंडून बोलेल. मग मी त्याला ओढून काढतो."

मुहन्ना बापाकडे बघू लागला. बायकांनी रय्याला पुढे ढकललं.  "आई, मला नको आत घालू," ती सासूला म्हणाली. नस्राने तोंड फिरवलं, कारण तीही भ्यायली होती.

"तिला हात लावू नका!"

गर्दी बाजूला सारत गनिया आली. खल्फानच्या धाकट्या भावाची मुलगी, इब्राच्या मुलींच्या शाळेत रसायन शिकवणारी. रय्या तिचीच विद्यार्थिनी. सकाळी तिनेच रडत फोन केला होता.

"मुअल्लिम," गनिया म्हणाली, "जिन गाडीत राहतो ना?"

"राहतो."

"मग इंजिनशी त्याचा काय संबंध? इंजिन बंद करून वाचा की."

"जिन आगीचा बनलेला असतो, बाई. त्याला एसीची गार हवा लागते."

"म्हणजे आमच्यासारखाच की!" एक म्हातारा म्हणाला. या वेळी दोघेतिघे हसले.

गनियाने इंजिन बंद केलं, चारही दारं उघडून वारा खेळू दिला. मग मर्हूनने आणलेलं दुसरं कबूतर आत ठेवून दारं लावली. "वाचा आता. हवं तेवढं वाचा."

मर्हून घसा बसेपर्यंत ओरडला. कबूतर दाणे टिपत राहिलं.

"पहिलं खाऊन त्याचं पोट भरलंय," मर्हून कपाळ पुसत म्हणाला. "आता नवरीच लागेल."

गनिया काकाकडे वळली. "काका, एक विचारू? या गाडीत तुम्ही मागे कधी बसलात?"

खल्फानने आठवून पाहिलं. एकदाही नाही. त्याची गाडी, त्याचं घर, तो मागे कशाला बसेल?

रय्याकडे बघत तो म्हणाला, "मी बसतो."

"नको काका, मी तसं म्हटलं नाही! ते धोक्याचं आहे."

"बाईवेडा आहे ना तो? मग मला कसली भीती?" असं तो म्हणाला. आत बसून त्याने दार ओढलं. "मुहन्ना, चालू कर."

मुहन्नाने चावी फिरवली आणि बाहेर उडी मारली. गनिया दाराची मूठ धरून काचेला नाक लावून उभी राहिली.

आधी नुसता लोबानाचा वास. मग कानशिलं ठोकू लागली. मग एक गोड सुस्ती अंगात चढली. दार उघडावं असं खल्फानला वाटलं, पण हात दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा मांडीवर पडून राहिला. आणि त्याला आईचा आवाज आठवला. याच सीटवरून ती म्हणाली होती, "खल्फान, फार झोप येतेय रे." आणि आरशात न बघताच तो म्हणाला होता, "झोप आई. घर आलं की उठवतो."

गनियाने दार उघडून त्याला बाहेर ओढलं. तो वाळूत गुडघ्यांवर पडून ओकला. पूर्ण भानावर यायला त्याला बराच वेळ लागला.

गनियाने येतानाच इब्राच्या गॅरेजवाल्या शाजीला सोबत आणलं होतं. केरळचा माणूस, वीस वर्षं इथल्या गाड्यांखाली गेलेली. तो गाडीखाली शिरला आणि खालूनच बोलू लागला. "धूर शुद्ध करणारी डबी कुणीतरी काढून विकलीय. तिच्या जागी साधा पाइप, त्याचं वेल्डिंग फुटलेलं. आणि मागच्या ठोकरीनंतर तळाची रबरी बुचं बसवलीच नाहीत. हे बघा भोक, माझा अंगठा जातो. सगळा धूर वर सीटखाली!"

"पण धुराचा वास कसा आला नाही?" नस्राने लांबूनच विचारलं.

"मारतो त्या वायूला वासच नसतो, काकू," गनिया म्हणाली. "धुराला थोडाफार असतो, तो आपण कपड्यांना, गाडीला लोबानाची धुरी देऊन झाकला. इतके दिवस पुढे बसून काका जगले ते त्यांच्या उघड्या काचेमुळे. आजीचा गुलाबी चेहरासुद्धा त्याच वायूची खूण."

शाजी कपडे झटकत बाहेर आला आणि मर्हूनला बघून थबकला. "अरे, हा भंगारवाल्याकडचा मर्हून! सहा वर्षं माझ्या गॅरेजसमोर जुन्या गाड्या सोलत होता हा!"

म्हणजे याला धूर ठाऊक होता. कबूतर मरणार हे ठाऊक होतं. पोर बेशुद्ध पडली की दार उघडून तिला जिवंत 'सोडवायचं' आणि नाव कमवायचं. दोन मिनिटं उशीर झाला असता तर काय, हे त्याने धरलंच नव्हतं. मर्हून धुपाटणं तिथेच टाकून चालू लागला. पुरुषांनी त्याला पोलीस येईपर्यंत झाडाखाली बसवून ठेवलं.

खल्फान उठला, रय्यासमोर गेला आणि तिच्या हातून पाणी मागून प्यायला.

जुनी गाडी घेणाऱ्याने तिच्या खाली वाकून बघावं, आणि एकदा तरी मागे बसून बघावं. घरातलं कुणी वारंवार आजारी पडत असेल तर ते कुठे बसतं, काय खातं, कोणती हवा घेतं हे आधी विचारावं. जिनाचं नाव घेतलं की विचारणं थांबतं, आणि विचारणं थांबलं की माणसं मरतात.

खल्फानची आई झुवैना बिन्त सलीम ईदनंतरच्या नवव्या दिवशी, बुधवारी दुपारी, मस्कतहून येताना त्या गाडीच्या मागच्या सीटवर वारली. ती धुराने वारली.